उसातला विसरलेला फासा : तोडणीआधी बांध फिरून घ्या



ऊसतोडीच्या टोळ्या आता येऊ लागतील. त्याआधी एक काम उरकून घ्या. आपल्याकडं कुणी कुणी रानडुकरासाठी बांधावर क्लचवायरचा फासा लावतं. डुक्कर सापडलं नाही की चार दिवसांनी लावणारा विसरून जातो. ऊस वाढतो, तार पाचटात दिसेनाशी होते आणि पुढं जो येईल त्याला धरते. मग तो बिबट्या असो, घरचं कुत्रं असो, नाहीतर रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा पाय.

समुद्रात खेकडे धरायचे पिंजरे असेच हरवतात. दोरी तुटली की पिंजरा तळाशी पडून खेकडे धरतच राहतो, आणि आत मेलेला खेकडा पुढच्याला आमिष होतो. म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत पिंजऱ्याची एक बाजू कुजणाऱ्या सुती दोऱ्यानं बांधावी लागते. दोरा कुजला की वाट मोकळी. आपल्या तारेला अशी सोय नाही. फाशात मेलेल्या डुकराच्या वासानं बिबट्या आला, तर शेजारच्या फाशात तोही अडकू शकतो.

बघायचं कुठं? कुंपणाला जिथं भोक पडलंय, ओढ्यातून उसात जिथं डुकराची पायवाट शिरते तिथं. तार बहुधा झाडाच्या बुंध्याला किंवा खुंटीला बांधलेली असते. दिवसाउजेडी, दोघं मिळून, हातात काठी घेऊन फिरा. टोळीतली पोरं फडाच्या कडेलाच खेळतात, म्हणून तोडणीआधीच बघा.

रिकामा फासा दिसला तर फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि तो सांगेल तसा काढा. कुणी लावला याचा तपास आपण करू नये, गावात भांडणं होतात.

बिबट्या अडकलेला दिसला तर जवळ जाऊच नका. तो हिसके देतो, तार तुटू शकते. गर्दी हटवा, कुत्री बांधा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन करा. तार कमरेला आवळली असेल तर वरून जखम दिसत नाही, आत इजा असते. म्हणून कुणी धाडस करून तार कापली तरी तो पुढं मरू शकतो. बेशुद्ध करून सोडवणं हे डॉक्टरांचंच काम. उपचारासाठी माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये फासा लावणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो, शिक्षा किमान ३ वर्षं. ‘डुकरासाठी लावला होता’ या उत्तरावर सुटका होईल असं धरून चालू नका. कुंपणात करंट सोडणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

डुकराचा त्रास खराच आहे, तो मी नाकारत नाही. नुकसान झालं की ३ दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, सातबारा आणि फोटो जोडा. अर्ज भरायला अडलं तर कंपनीच्या ऑफिसात या.

बिबट्या अडकला असेल तर त्याचे फोटो आणि ठिकाण ग्रुपवर टाकू नका. तासाभरात दोनशे माणसं जमतात आणि पथकाची गाडी रस्त्यावरच अडकते.