गाडीचं दार करकरतंय? तेल ओतण्याआधी आवाज कुठून येतो ते बघा

कॉटन ग्रीन (मुंबई) : हार्बर लाईनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं हे स्टेशन. एका अंगाला बंदराची गोदामं, जवळच शिवडीची खाडी. इथे रस्त्याकडेला उभ्या गाड्यांना वर्षभर खारी हवा आणि चार महिने पाऊस. गणपतीला तीच गाडी गावी आली की दार उघडताच वाडीला कळतं, मुंबईकर आले!

कारण साधं आहे. बिजागरीतलं ग्रीस पाण्याने धुऊन जातं, पिनेला गंज धरतो आणि लोखंडावर लोखंड घासतं. गावाकडे खारी हवा नसली तरी धूळ आहेच. ती जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

आधी काच खाली करा, दार हळू उघडा-लावा आणि कान द्या. करकर सारखी येत असेल तर बिजागरी. मध्येच ‘कट्‌’ वाजून दार अडत असेल तर दोन बिजागऱ्यांच्या मधली, दार धरून ठेवणारी पट्टी. दार बंद असताना खड्ड्यात चुरचुर येत असेल तर बहुतेक दाराचं रबर.

बिजागरी आणि पट्टी जुन्या ब्रशने, फडक्याने पुसून घ्या. गंज असेल तर डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारा. हा स्प्रे १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनला. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच तो. गंज सैल करायला तो उत्तम, पण फार दिवस टिकत नाही. आठ दिवसांत आवाज परत येतो आणि लोक स्प्रेला नावं ठेवतात. म्हणून तो पुसून वर पांढरं लिथियम ग्रीस लावा, दार दहा-पंधरा वेळा हलवा, बाहेर आलेलं ग्रीस पुसा.

घरातलं गोडेतेल लावू नका, ते सुकून चिकट होतं. इंजिनचं काढलेलं काळं तेलही नको, त्यात घाण असते. रबराला तर तेल-ग्रीस दोन्ही नको, रबर फुगून खराब होतं. तिथे ओल्या फडक्याने पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारायचा.

ग्रीस लावूनही दार लागताना जड जातंय? मग दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलून बघा. खालीवर हलत असेल तर पिन-बुश झिजलेत किंवा बोल्ट ढिले आहेत. इथे ग्रीसचा उपयोग नाही, गॅरेज गाठा. हे अंगावर काढू नये. लटकलेलं दार लॉकमध्ये नीट बसत नाही. कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्याच टप्प्यावर अडकलेलं दार बंद दिसतं, पण घाटाच्या वळणावर उघडू शकतं. मागे पोरं बसलेली असतात.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचून पत्रा आतून कुजतो. पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा, बिजागऱ्यांना तेव्हाच ग्रीस द्या. पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा. समुद्राकाठच्या गाडीला मध्ये आणखी एक हात चालेल.