प्रेशर नेमकं कुठे द्यायचं?

कोलोनोस्कोपी अडली की डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, प्रेशर द्या." पेशंट डाव्या कुशीवर असतो. मी त्याच्या पोटावर तळहात टेकवते आणि दाबून धरते. कुठे दाबायचं हे पूर्वी अंदाजानेच ठरायचं: बेंबीखाली, जरा डावीकडे, नाहीच जमलं तर थोडं वर. त्रिमितीय चित्राचं मोल मला कळलं ते या कामामुळे.

मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं. त्याचा डावीकडचा खालचा भाग, सिग्मॉइड, पोटात बराच मोकळा असतो. स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी, पुढे सारला तरी कधीकधी टोक जागचं हलत नाही, मागे नळीचं वेटोळं मात्र वाढत जातं. आम्ही त्याला लूप म्हणतो. आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो आणि पेशंट कळवळतो. लूप सुटून नळी सरळ झाली तर आतड्याच्या पार उजव्या टोकाला पोचायला 70 ते 80 सेंटिमीटर स्कोप पुरतो. पण कॅमेरा फक्त टोकासमोरचं दाखवतो: गुलाबी भिंत, एखादी घडी, थोडं पाणी. मागे काय गुंता झालाय ते स्क्रीनवर येतच नाही.

1993 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये यावर तोडगा मांडला. एक्स-रे न वापरता, चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने पोटातल्या स्कोपचा त्रिमितीय आकार काढायचा. आता स्कोपमध्येच ठरावीक अंतरावर बारीक कॉइल बसवलेल्या मिळतात. त्यांचे संकेत पलंगाशेजारचा रिसीव्हर टिपतो आणि अख्खी नळी वेगळ्या स्क्रीनवर दिसते, समोरून आणि बाजूनेही. जवळचा भाग उजळ, लांबचा गडद, त्यामुळे कुठला वेढा वर आणि कुठला खाली ते कळतं. प्रेशर देणाऱ्याच्या हातासाठीही वेगळी कॉइल असते. माझा तळहात स्क्रीनवर खूण होऊन दिसतो. ती खूण लूपच्या शेंड्यावर आणायची आणि दाबायचं. लूप पसरायचा थांबतो, डॉक्टर स्कोप मागे ओढत हलकेच फिरवतात आणि नळी सरळ होते. इतका वेळ माझं मनगट घट्ट धरून ठेवलेल्या आजींची पकड तेव्हा सैल होते.

आतड्याच्या आतही खोलीचा प्रश्न असतोच. नेहमीच्या स्कोपला एकच डोळा, त्यात भिंग रुंद कोनाचं, म्हणून जवळचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरची गाठ, आहे त्याहून मोठा वाटतो. डॉक्टर मला बायोप्सी फोर्सेप्स उघडायला सांगतात. उघडलेला जबडा किती रुंद ते ठाऊक असतं, तो पॉलिपशेजारी धरून माप घेतात. अ‍ॅडिनोमा जातीचा पॉलिप 10 मिलिमीटर किंवा मोठा असेल तर पुढची तपासणी साधारण 3 वर्षांनी. एकदोनच, लहान आणि साधे असतील तर पुष्कळ उशिरा. एवढा मोठा निर्णय असा नजरेच्या मापावर टेकलेला असावा, हे मला पटत नाही.

सुरुवातीचा कॅन्सर अखंड सोलून काढण्याची ईएसडी ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. गाठीखाली द्रव टोचून ती उचलायची आणि खालचा थर बारीक चाकूने कापत जायचं. मोठ्या आतड्याची भिंत अवघी दोनतीन मिलिमीटर जाड. चाकू किंचित खोल गेला तर भोक. दोन भिंगांचा स्कोप आणि खास चष्मा इथे खरा उपयोगी, कारण चाकू आणि स्नायूचा थर यांतलं अंतर डोळ्यांना थेट जाणवतं. अडचण जागेची आहे. सेंटिमीटरभर जाडीच्या टोकात दिवा, पाणी, हवा, अवजाराची वाट हे सगळं आधीच बसवलेलं असतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या ताठ नळीत दोन भिंगं बसवणं त्या मानाने सोपं.

सीटी स्कॅनच्या कापांमधून आतड्याची त्रिमितीय सफर डेव्हिड व्हायनिंग या अमेरिकन डॉक्टरांनी 1994 सालीच दाखवली होती. स्कोप जाऊ शकत नाही तिथे ती फार कामाची, पण पॉलिप सापडला तर काढायला स्कोपच लागतो.

हॉस्पिटलला एकच यंत्रणा परवडत असेल तर मी स्कोपचा आकार दाखवणारी घ्या म्हणेन. ईएसडी कधीतरी होते आणि ती ठरावीक हातच करतात. कोलोनोस्कोपी रोज होते, नवशिके डॉक्टर ती रोज शिकतात, आणि त्यांचा स्कोप कुठे अडलाय ते दिसलं तर पेशंटचं दुखणं त्याच दिवशी कमी होतं.