निवृत्तिवेतन येते कोठून?

दिल्लीच्या दक्षिण भागातील रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत होय. येथील सरकारी निवासस्थानांचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. कर्मचारी निवृत्त झाला म्हणजे ठराविक मुदतीत त्याला घर सोडावे लागते व त्याच्या जागी नोकरीत असलेला दुसरा राहावयास येतो. त्यामुळे वसाहत कितीही जुनी झाली, तरी या घरांतील कर्ती माणसे बहुधा साठीच्या आतलीच असतात. राष्ट्राला मात्र असा नियम करता येत नाही. निवृत्त झालेला माणूस राष्ट्रातच राहतो; त्याला अन्न, वस्त्र, औषध लागतच असते.

हे सारे येते कोठून? ‘त्याने साठविलेल्या पैशातून’ हे उत्तर अपुरे आहे. पैसा तीस वर्षे साठविता येईल; परंतु आज लागणारे दूध किंवा आजची शुश्रूषा तीस वर्षांपूर्वी साठवून ठेवता येत नाही. वृद्धाच्या हातातील पैसा, मग तो निवृत्तिवेतनाचा असो की बचतीचा, आज काम करणाऱ्यांनी निर्माण केलेल्या वस्तू व सेवाच विकत घेतो. म्हणूनच एका वृद्धामागे काम करण्याच्या वयाची माणसे किती, या प्रश्नाला अर्थशास्त्रात महत्त्व आहे.

जपानचे उदाहरण पाहा. १९६० साली तेथे पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक माणसामागे १५ ते ६४ वयाची सुमारे अकरा माणसे होती. आज ती जेमतेम दोन आहेत. जन्म घटले आणि आयुर्मान वाढले, त्याचा हा परिणाम. निवृत्तिवेतन व औषधोपचार यांवरील सरकारी खर्च वाढला, कामाला माणसे अपुरी पडू लागली, खेड्यांतील शाळा बंद पडल्या. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी २००० साली जपानने सक्तीची विमा योजना सुरू केली. तिची वर्गणी चाळिशीपासूनच भरावी लागते.

यावर मुख्य उपाय तीन. माणसांनी अधिक वर्षे काम करावे. स्त्रियांना व परदेशांतून येणाऱ्यांना अधिक काम मिळावे. किंवा प्रत्येक हाताने अधिक उत्पादन करावे. पहिला उपाय सर्वांना सारखा लागू पडत नाही. कचेरीतील कारकुनाला पासष्टीपर्यंत काम जमेल. विटा वाहणाऱ्याला जमणार नाही.

आपल्या केंद्र सरकारनेही निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ व १९९८ साली ६० केले. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नव्या कर्मचाऱ्यांसाठी वर्गणीवर आधारलेली निवृत्तिवेतन योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून निश्चित रकमेची हमी देणारा पर्यायही खुला झाला. २०२५ मध्ये केंद्राचे कर्मचारी सुमारे ५० लाख, तर निवृत्तिवेतनधारक ६५ लाखांहून अधिक होते.

पण हे भाग्यवान थोडे. शेतमजूर, गवंडी, मोलकरीण यांच्यापैकी बहुतेकांना असे वेतन नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोक भारतात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे १० टक्के होते. पासष्टीपुढील लोकांचे प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला शतकाहून अधिक काळ लागला. जपानला १९७० पासून अवघी २४ वर्षे पुरली. ही राष्ट्रे आधी संपन्न झाली, मग वृद्ध झाली. आपल्याला तेवढी सवड मिळेलच असे नाही. आज शाळेत बसलेली मुले उद्या कर्ती होतील. त्यांचे आरोग्य व शिक्षण यांवर होणारा खर्च हीच आजच्या तरुणांच्या म्हातारपणाची खरी तरतूद होय.