मालिकांतील विवाह आणि आपल्या घरातील संमती

आमच्या घरात लहानथोर धरून नऊ माणसे आहेत. रात्री आठच्या सुमारास त्या नवांचे एका गोष्टीवर एकमत होते, ते हे की दूरचित्रवाणीचा संच लावावा. त्यानंतर मात्र जेवणाची ताटे उचलीपर्यंत एकमत नावाची वस्तू आमच्या घरात दृष्टीस पडत नाही. कोणती नायिका शहाणी, कोणता नायक नादान, कोणाचे लग्न मोडावे आणि कोणाचे जुळावे, यांवर असा काही खल चालतो की एखाद्या तिऱ्हाइतास वाटावे, स्थळ आमच्याच घरी सांगून आले आहे. त्यातून आमचे सोलापूर हे तीन भाषांचे गाव. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे एकाच बोळात भिंतीला भिंत लावून नांदतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या म्हणजे तिन्ही भाषांतील सासवा एकाच वेळी कानी पडतात, आणि भाषा न कळली तरी विषय कळतो!

आमचा सारा जन्म शाळेत संस्कृत आणि मराठी शिकविण्यात गेला. तेव्हा या मालिकांकडे आम्ही प्रथम नाक मुरडूनच पाहिले, हे कबूल केले पाहिजे. परंतु मागाहून विचार करता असे दिसले की, कथा तुकड्यातुकड्यांनी ऐकण्याची हौस आपल्या समाजाला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले, आणि त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. तरुणपणी वैधव्य आलेल्या, केशवपनाची विटंबना सोसलेल्या यमूचे पुढे काय झाले, हे जाणण्यासाठी पुढच्या अंकाची वाट पाहणारे लोक आणि उद्याच्या भागाची वाट पाहणारी आमची सूनबाई यांच्यात जातीचा भेद नाही. असलाच तर तो कथेच्या प्रतीचा.

आता प्रतीविषयी. नाट्यशास्त्रकारांनी कथावस्तूच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. कालिदासाने शाकुंतलात या पाचही अवस्था सात अंकांत बसविल्या; शूद्रकाला मृच्छकटिकासाठी दहा अंक लागले. आमच्या मराठी मालिकांना किती लागावेत? ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ साली सुरू झाली ती २०१३ मध्ये संपली, आणि तिचे भाग तीन हजारांहून अधिक झाले. सासूचे चार दिवस बारा वर्षे चालले, असा विनोद तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनीच केला होता. रोगाचे मूळ असे की आरंभ आणि यत्न झटपट उरकतात, आणि मग प्राप्त्याशेतच कथा वर्षानुवर्षे अडकून पडते. नायक-नायिका जवळ आली की कोणी तरी दाराआडून ऐकते, एक चिठ्ठी हरवते, एकाची स्मृती जाते. दुर्वासाच्या शापाने एकदा विस्मृती घडली तर ती नाट्य होय. दर सहामाहीस घडू लागली म्हणजे ती व्याधी होय.

‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) ही मालिका आमच्या घरी सर्वांनी मिळून पाहिली. गोखल्यांचे मोठे घर, गृहउद्योग, आणि जान्हवीला एक सोडून सहा सासवा! नायक श्री आम्हांस मनापासून आवडला. शास्त्रकारांनी नायकाचा ‘धीरप्रशांत’ म्हणून एक प्रकार सांगितला असून तो ब्राह्मण किंवा वणिक असावा असे म्हटले आहे. मृच्छकटिकातील चारुदत्त हा त्याचा नमुना. श्री तर गोखले कुळातला आणि व्यापार चालविणारा, म्हणजे दोन्ही लक्षणे त्याच्या ठायी एकत्र आली. घरातील प्रत्येक स्त्रीचे म्हणणे तो शांतपणे ऐकून घेई, हाच त्याचा शृंगार. परंतु त्या गोड कथेलाही लांबणीचा रोग जडला. जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की सारा महाराष्ट्र हसू लागला, आणि रसाची जागा थट्टेने घेतली. याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२) पाहावी. घना आणि राधा आपापल्या सोयीसाठी कराराचे लग्न करतात, घरच्यांस फसवितात, आणि फसविता फसविता खरोखरच एकमेकांची होतात. कल्पना म्हटली तर पोरकट; पण मालिका वर्षाच्या आत आटोपती घेतल्यामुळे तिची गोडी अजून जिभेवर आहे.

आमच्या घरात सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो ‘तुला पाहते रे’ (२०१८-१९) या मालिकेवरून. विक्रांत सरंजामे हा श्रीमंत उद्योगपती आणि ईशा निमकर ही मध्यमवर्गीय कुटुंबातली तरुणी. दोघांच्या वयांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर. आम्ही लगेच देवलांच्या ‘संगीत शारदे’चा दाखला दिला. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने जरठ-कुमारी विवाहाची इतकी छीथू केली, आणि सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा तेच कौतुकाने पाहावे काय? तेव्हा आमची नात, जी महाविद्यालयात शिकते, म्हणाली, “आजोबा, शारदेला कोणी विचारलं होतं का? कांचनभटानं तर तिला विकायलाच काढलं होतं. ईशा स्वतः हो म्हणतेय. दोन्ही गोष्टी सारख्या कशा?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. दोष वयाच्या अंतरात आहे की न विचारण्यात, हा प्रश्न मुलीने नेमका मांडला होता. दुर्दैवाने मालिकेनेच त्या प्रश्नापासून पळ काढला. विक्रांत मुळात कपटी, आणि ईशा ही त्याच्या मृत पत्नीचा, राजनंदिनीचा, पुनर्जन्म, असे ठरवून लेखकाने सर्वांची सुटका करून घेतली. जिथे विचार करावयाचा तिथे चमत्कार आणणे, हे औचित्याला सोडून आहे असे आमचे आजही मत आहे.

भरतमुनींनी अष्टनायिका सांगितल्या, त्यांत पतीच्या अन्यासक्तीने दुखावलेली ती ‘खंडिता’. प्राचीन काव्यात खंडितेचा कोप बहुधा पतीच्या मनधरणीपाशी संपतो. आमच्या काळातील दोन खंडिता मात्र तिथे थांबल्या नाहीत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) मधील नागपूरकडची राधिका गुरुनाथाच्या दारात रडत न बसता मसाल्यांचा व्यवसाय उभा करते. ‘आई कुठे काय करते!’ (२०१९ ते २०२४) मधील अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अनिरुद्धापासून विभक्त होते आणि पुढे आशुतोषाशी विवाह करते. ही कथा मूळ बंगाली ‘श्रीमोयी’ची, हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत एकच कथा प्रत्येक भाषेतील घरांना आपली वाटावी, याचा अर्थ घरोघरच्या प्रौढ स्त्रियांच्या मनात काही तरी समान साठले असले पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींना अरुंधतीचे घर सोडणे पटले, दुसरे लग्न पटले नाही. सूनबाईंना दोन्ही पटले. आम्हांस त्या वेळी काय वाटले ते सांगण्यापूर्वी एक गोष्ट निवेदन केली पाहिजे. वस्तुतः तिच्याचसाठी हा लेख लिहावयास घेतला.

‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका २०१९ च्या जुलैत सुरू झाली. आसावरी ही विधवा. मुलगा सोहम आणि वृद्ध सासरे यांची सेवा करण्यात तिचा जन्म चाललेला. शुभ्रा ही तिची सून. आणि ती सूनच सासूचे मन ओळखून पाककलानिपुण अभिजित राजे यांच्याशी तिचा विवाह जुळविते. त्यांचे लग्न लागले तो भाग आम्ही सर्व मिळून पाहत होतो. आम्ही नेहमीच्या अधिकारवाणीने म्हणालो, “या वयात बोहल्यावर चढायचे म्हणजे औचित्याची परिसीमाच झाली!”

खोलीच्या कोपऱ्यात आमची धाकटी बहीण शेंगा निवडीत बसली होती. तिला सत्ताविसाव्या वर्षी वैधव्य आले. तेव्हापासून ती आमच्याच घरी आहे. आमच्या मातोश्री अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे सर्व तिने केले. आमच्या मुलांना तिने वाढविले, आणि आता नातवंडांना वाढवीत आहे. नातीने तिला सहज विचारले, “आत्याआजी, तू का गं नाही केलंस दुसरं लग्न?” बहिणीने मान वर केली नाही. ती म्हणाली, “मागणी आली होती एकदा. मला कुणी विचारलं नाही.”

ते खरे होते. १९९२ साली आमच्या ओळखीतील एका विधुर शिक्षकाने मध्यस्थामार्फत तिच्यासाठी विचारणा केली होती. माणूस सज्जन, नोकरी कायमची. आम्ही आणि मातोश्रींनी रात्री दार लावून विचार केला. लोक काय म्हणतील, धाकट्या भावाचे लग्न अजून व्हावयाचे आहे, आणि आईचे कोण करणार, असे तीन मुद्दे निघाले. चौथा मुद्दा, म्हणजे तिला काय हवे, तो निघालाच नाही. सकाळी आम्ही मध्यस्थास नकार कळविला. तिला यातले काही ठाऊक नाही, अशा समजुतीत आम्ही जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राहिलो.

आणि याच काळात आम्ही वर्गात काय शिकवीत होतो? विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाईंशी विवाह केला, आणि त्यापायी मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुरूडच्या त्या मंडळींच्या कोतेपणाविषयी आम्ही दरवर्षी मोठ्या आवेशाने बोलत असू, आणि घरी येऊन बहिणीच्या हातचा चहा पीत असू. कर्व्यांवरील बहिष्कार उघड होता; आम्ही घातलेला बहिष्कार घरातल्या घरात, प्रेमाच्या नावाखाली होता, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, आम्ही तिला विचारले, “तेव्हा तुला विचारले असते, तर तू काय म्हणाली असतीस?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, हो म्हटलं असतं की नाही, ते आता मलाही सांगता यायचं नाही. पण विचारलं असतंस तर बरं झालं असतं.” तिने आम्हांस दोष दिला नाही. दोष दिला असता तर आमच्या मनावरचे ओझे कदाचित हलके झाले असते.

आमच्या गावी दर संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. तीत एक विवाह लागतो, आणि त्यास सारे गाव वऱ्हाडी असते. कथा अशी की एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली. ते शिवयोगी, त्यांना संसार कर्तव्य नव्हता. परंतु त्यांनी त्या मुलीला झिडकारले नाही. तिचे म्हणणे ऐकून घेतले, आणि आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली. त्याचेच प्रतीक म्हणून सात नंदीध्वज मिरवीत येतात, तलावाकाठी अक्षता पडतात. ज्या कट्ट्यापाशी हा सोहळा होतो त्याचे नाव ‘संमती कट्टा’. तिथे आधी संमती वाचली जाते, मग अक्षता. लहानपणापासून आम्ही त्या गर्दीत उभे राहून अक्षता टाकीत आलो. परंतु त्या नावाचा अर्थ कळावयास साठी उलटावी लागली, आणि तोही एका मालिकेच्या निमित्ताने. एका विरक्त योग्याने कुंभाराच्या पोरीचे ऐकून घेतले. आम्ही गृहस्थाश्रमी असून सख्ख्या बहिणीचे ऐकले नाही.

म्हणून आता मालिकांविषयी आमचे मत पालटले आहे, ते इतकेच. त्यांची लांबण, त्यांतील कारस्थाने, भरजरी साड्या नेसून स्वयंपाक करणाऱ्या सुना, या सर्वांची थट्टा आम्ही पूर्ववत करतो व करीत राहू. परंतु शुभ्रेने आसावरीला जे विचारले ते आमच्यासारख्या कित्येक शिकल्यासवरल्या घरांतून कोणी विचारीत नाही, हे विसरता येत नाही. अरुंधतीच्या लग्नाच्या वेळी सौभाग्यवतींनी आमचे मत विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, “तिला विचारले ना? मग आमचे मत कशाला हवे?”

वाचकहो, एकत्र कुटुंबात एखादी आत्या, एखादी काकू, एखादी थोरली वहिनी अशी असतेच, की जिच्यावाचून घर चालत नाही आणि जिला काही विचारण्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रश्न लग्नाचाच असला पाहिजे असे नाही. तीर्थयात्रेचा असेल, शिक्षणाचा असेल, स्वतःच्या नावावर चार पैसे ठेवण्याचा असेल. आज रात्रीची मालिका संपल्यावर तिला एवढेच विचारावे, की तुला काय हवे? उत्तर लगेच मिळणार नाही, सवय नसते.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी आम्ही बहिणीस वाचून दाखविला आणि तिची संमती घेतली. तिने एकच दुरुस्ती सुचविली. ती म्हणाली, “अभिजित राजे पाककलानिपुण असतील, पण बोलतात फार, तेवढं घाल.” ते येथे घातले आहे.