आकाशकाच्या दिशादर्शकातील दोष : जमिनीवरून करावयाचे निदान

हौशी रेडिओ-केंद्राच्या मनोऱ्यावर यागी जातीचा आकाशक, म्हणजे व्यवहारातील अँटेना, उभारलेला असतो. तो इष्ट दिशेकडे वळविण्यासाठी त्याच्या खांबाखाली दंतचक्रांसह एक विद्युत् चलित्र बसवितात. हौशी मंडळी या साधनास रोटेटर म्हणतात, आणि तोच शब्द येथे स्वीकारला आहे. आकाशक या क्षणी कोणीकडे रोखलेला आहे हे खोलीतील मेजावर दाखविणारे जे यंत्र, ते दिशादर्शक होय. चलित्र सुस्थितीत असूनही दर्शक खोटे बोलू लागला, तर काय करावे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो हौशी लोकांपुरता मर्यादित वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः दूर अंतरावरील कोणत्याही कोनाचे विद्युत् मापन करताना हेच प्रश्न उपस्थित होतात.

दर्शकातील चूक किती महत्त्वाची मानावयाची, हे आकाशकाच्या शलाकेच्या रुंदीवर अवलंबून असते. तीन दांड्यांच्या यागीची अर्धशक्ती-रुंदी सुमारे ६० अंश असते. तेथे १० अंशांची चूक झाली तरी हानी डेसिबेलच्या एक तृतीयांशाएवढीच होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु अतिउच्च कंप्रतेवरील लांब यागीची रुंदी २५ अंश धरली, तर तेवढ्याच चुकीने सुमारे दोन डेसिबेल गमवावे लागतात; चंद्रावरून परावर्तित होणारे संकेत ऐकू पाहणाऱ्याला ही हानी परवडणारी नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या जुन्या रोटेटरांत मर्यादा-कळ नसते, तेथे चालकाचा सर्व भरवसा काट्यावर असतो. काटा थांबला म्हणून बटण दाबून धरले, तर वर आकाशक फिरतच राहतो आणि सहअक्षीय तार खांबाभोवती गुंडाळली जाऊन तुटते.

दोष आढळताच मनोऱ्यावर चढण्याचा मोह होतो. तो आवरावा. मनोऱ्यावर चढणे हे या साऱ्या उद्योगातील सर्वांत धोक्याचे काम आहे, आणि बहुसंख्य दोषांचे निदान जमिनीवर उभे राहूनच करता येते.

बहुतेक रोटेटरांत दिशादर्शनासाठी एक तारगुंडाळीचा चलरोधक वापरतात. त्याचा रोध बहुधा ५०० ओहम असतो. त्याची दोन टोके व सरकता स्पर्शक अशा तीन जागांपासून तीन तारा खाली येतात. त्यांपैकी धन टोकाच्या तारेस ‘क’, ऋण टोकाच्या तारेस ‘ख’ आणि स्पर्शकाच्या तारेस ‘ग’ म्हणू. खालच्या पेटीत झेनर द्विप्रस्थाने स्थिर केलेला सुमारे १३ व्होल्टचा एकदिश दाब ‘क’ व ‘ख’ यांच्यामध्ये दिलेला असतो, आणि ‘ग’ व ‘ख’ यांच्यामध्ये १ मिलिअँपिअरचा मापक योग्य त्या श्रेणीरोधासह जोडलेला असतो. या शाखेचा एकूण रोध १३,००० ओहम होतो. स्पर्शक ‘ख’ टोकाशी असता काटा डावीकडे शून्यावर आणि ‘क’ टोकाशी असता उजवीकडे पूर्णांकावर येतो. मधल्या सर्व फेऱ्यास ३६० अंश कल्पू. तबकडीवर दक्षिण दोन्ही टोकांना व उत्तर मध्यभागी लिहिण्याची प्रथा असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. म्हणून येथे डाव्या टोकापासून मोजलेले अंशच वापरले आहेत.

निर्दोष मंडलातही एक अल्प चूक अंगभूत असते. मापक स्वतः थोडा प्रवाह घेत असल्यामुळे मधल्या भागात वाचन किंचित कमी येते. वर दिलेल्या मूल्यांसाठी ही चूक फेऱ्याच्या दोन तृतीयांश अंतरावर सर्वाधिक, म्हणजे सुमारे दोन अंश असते. तिच्यामागे लागू नये.

आता खऱ्या दोषांकडे वळू. चुकीचे मान किती आहे याहून ती फेऱ्यातील कोणत्या भागात आढळते, हे निदानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ‘क’ तारेच्या जोडात गंजामुळे २५ ओहमांचा जादा रोध उत्पन्न झाला असे समजा. मग शून्य बिनचूक राहते, पण सर्व वाचने त्याच प्रमाणात घटतात, आणि उजव्या टोकाशी काटा १७ अंश मागे थांबतो. तोच रोध ‘ख’ तारेत आला, तर प्रकार नेमका उलटा होतो. उजवे टोक बरोबर राहते, पण डाव्या टोकाशी काटा शून्यावर न येता १७ अंशांवर येऊन थांबतो. ‘ग’ तारेत २५ ओहम वाढले तर मात्र काहीच दिसत नाही, कारण १३,००० ओहमांपुढे ते नगण्य आहेत. तेथे सात टक्के घट दिसण्यासाठी हजार ओहमांचा अडथळा यावा लागतो. स्पर्शक मळला आहे असे निदान पुष्कळांच्या तोंडी प्रथम येते. या हिशेबावरून ते किती क्वचित खरे असेल ते दिसते. अर्थात स्पर्शक मधूनमधून साफ सुटतच असेल तर काटा फिरता फिरता शून्याकडे झेप घेतो, आणि ते लक्षण सहज ओळखू येते.

पावसाळ्यात आणखी एक दोष उद्भवतो. जोडपेटीत पाणी शिरून ‘ग’ व ‘ख’ यांच्यामध्ये गळतीचा मार्ग तयार होतो. त्याचा रोध २,००० ओहम असेल, तर मध्यभागी काटा सुमारे साडेदहा अंश मागे राहतो. दोन्ही टोके मात्र अचूक असतात, कारण तेथे स्पर्शक थेट पुरवठ्याच्या तारेशी जोडला जातो. टोके बरोबर आणि मध्य चुकीचा असे दिसले की गळतीचा संशय घ्यावा.

तार पूर्ण तुटली तर लक्षणे अधिक ठळक होतात. ‘क’ किंवा ‘ग’ तुटली असता काटा शून्यावर पडून राहतो. ‘ख’ तुटली असता जे घडते ते प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. प्रवाह ‘क’मधून चलरोधकाच्या वरच्या भागातून स्पर्शकाकडे व तेथून मापकातून परत येतो. ५०० ओहमांचा सारा फेरफार १३,००० ओहमांच्या मापकासमोर क्षुद्र असल्यामुळे आकाशक पूर्ण फिरला तरी काटा उजव्या टोकाजवळच्या केवळ १३ अंशांत हालतो. चलरोधकाची गुंडाळीच मध्ये कोठे जळून तुटली असेल, तर दर्शकाला दोनच वाचने ठाऊक राहतात: तुटीच्या एका बाजूस शून्य व दुसऱ्या बाजूस पूर्णांकाच्या निकट. ज्या ठिकाणी काटा उडी मारतो तेच तुटीचे स्थान. तारांची अदलाबदल झाली असेल तर तीही अशीच ओळखता येते. ‘क’ व ‘ख’ उलटल्यास काटा उलट फिरतो, तर ‘ख’ व ‘ग’ उलटल्यास तो शून्यावर खिळतो, आणि स्पर्शक ‘क’ टोकाजवळ जाताच पुरवठा लघुमंडलित होतो.

याउप्पर खात्री करण्यासाठी तारांचा जुडगा पेटीपासून सोडवून, वीज बंद ठेवून, ओहम-मापकाने तीन जोड्यांचे रोध मोजावेत. स्पर्शक कोठेही असो, ‘कग’ व ‘खग’ यांच्या बेरजेतून ‘कख’ वजा केल्यास चलरोधकाचा भाग पूर्णपणे नाहीसा होतो आणि ‘ग’ मार्गातील रोधाची दुप्पट उरते. उदाहरणार्थ, ‘कख’ ५०३, ‘कग’ ३१२ व ‘खग’ २०१ ओहम आले, तर ‘ग’ मार्गाचा रोध ५ ओहम. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या ३० मीटर तारेचा रोध जेमतेम अर्धा ओहम असतो. तेव्हा उरलेले साडेचार ओहम जोडांत व स्पर्शकावर आहेत असे म्हणता येते. दर्शकाचे वाचन त्याने बिघडत नाही, परंतु गंज सुरू झाल्याची ही आगाऊ सूचना होय. आकाशक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मापने पुन्हा घेतली, की ‘क’ व ‘ख’ मार्गांचे रोधही वेगळे काढता येतात. प्रत्येक मापन ओहम-मापकाच्या तारा उलटून दुसऱ्यांदा घ्यावे. दोन वाचनांत फरक पडला, तर ओल्या व गंजलेल्या जोडात विद्युत् घट तयार झाला आहे असे समजावे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पेटीवर पूर्णांक जुळविण्याचा एक खुंटा असतो. काटा थोडा मागे दिसला की तो फिरवून मोकळे होण्याची सवय सार्वत्रिक आहे. असे केल्याने ‘क’ तारेतील गंज काही महिने झाकला जातो, आणि पुढे निदान करणाऱ्याच्या हाती चुकीचे आकडे येतात. निरीक्षणे लिहून होईपर्यंत त्या खुंट्यास हात लावू नये.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गच्चीवरील दर्शकाचा काटा उजव्या टोकाजवळ ‘अडकला’. मापक बदलावा असे ठरत होते; खुंटा दोन-तीनदा फिरवूनही झाला होता. एका विद्यार्थ्याने आकाशक टोकापासून टोकापर्यंत फिरवून काटा बारा-तेरा अंश हालतो हे दाखविले. अडकलेला काटा इतक्या नियमितपणे हालत नाही. रोध मोजले असता ‘कख’ व ‘खग’ अनंत आणि ‘कग’ सांत आला. ‘ख’ मार्ग तुटला होता यात शंका उरली नाही. मात्र तूट तारेत आहे की चलरोधकाच्या अगदी टोकाशी आहे हे या मापनांवरून कळू शकत नाही. म्हणून प्रथम मनोऱ्याच्या पायथ्याची जोडपेटी उघडली. तिच्यात एका पट्टीखाली हिरवा थर साचून तारेचे टोक गळून पडले होते.

खालच्या पेटीतील दोष वेगळ्या रीतीने प्रकट होतात. झेनर द्विप्रस्थ उघडा पडल्यास दाब अनियंत्रित होतो, आणि चलित्र चालू करताच रोहित्रावर भार येऊन काटा हिसका घेतो. गाळणीचे धारित्र सुकले असेल तर सर्वच वाचने खाली येतात. या दोन्ही बाबतींत ‘क’ व ‘ख’ यांमधील दाब पेटीवर मोजल्यास प्रश्न तत्काळ सुटतो, कारण तारांतील दोषांमुळे हा दाब घटत नाही. प्रेषण सुरू करताच काटा सरकत असेल, तर रेडिओ-कंप्रतेची ऊर्जा लांब तारांतून पेटीत शिरून द्विप्रस्थात एकदिश होत आहे असे मानावे; ०·०१ मायक्रोफॅरडची धारित्रे तारांपासून पेटीच्या भूमीस जोडल्यास बहुधा निभावते. अमेरिकेतील कॉर्नेल-ड्युबिलियर कंपनीच्या, एकेकाळी फार प्रचारात असलेल्या ‘हॅम-एम’ रोटेटरात स्पर्शकाची तार व गतिरोधकाची परतीची तार एकच आहे. तीत दोष आल्यास दिशादर्शन व गतिरोधक ही दोन्ही कार्ये एकदम बिघडतात, हे ध्यानात ठेवल्यास बराच शोध वाचतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक मालातून हौशी लोकांच्या हाती आलेल्या सेल्सिन जोड्यांची जात निराळी. त्यांत रोध मोजून फारसे काही निष्पन्न होत नाही. तारांची जोडणीच पाहावी लागते. स्थिर भागाच्या तीन तारांपैकी दोहोंची अदलाबदल झाल्यास काटा उलट फिरतो, तिन्ही एकेक स्थान पुढे सरकल्यास १२० अंशांचा फरक पडतो, आणि फिरत्या भागाच्या दोन तारा उलटल्यास १८० अंशांचा.

सर्व विद्युत् तपासण्या निर्दोष ठरूनही दर्शक खोटा असू शकतो. तो रोटेटराचे स्थान सांगतो, आकाशकाचे नव्हे. वाऱ्याने खांब पकडीतून घसरला असेल, तर कोणताही ओहम-मापक ते सांगणार नाही. त्यासाठी स्वतंत्र साक्ष हवी. जवळच्या, स्थान ठाऊक असलेल्या केंद्राचा संकेत घेऊन तो दोन्ही बाजूंना सारखाच क्षीण होतो ती दोन वाचने टिपावीत व त्यांचा मध्य काढावा. कमाल संकेताचे टोक बोथट असल्यामुळे थेट तेच शोधल्यास चूक होते. दूरच्या केंद्रासाठी नकाशावरील सरळ रेषा न घेता बृहद्वृत्ताची दिशा घ्यावी. मुंबईहून लंडन सुमारे ३१९ अंशांवर, तर न्यूयॉर्क त्याहूनही उत्तरेकडे, सुमारे ३३३ अंशांवर आहे. माध्यान्हीच्या सावलीवरून उत्तर ठरविण्याची रीत सोपी खरी, पण मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्यावरून किंवा किंचित उत्तरेकडून जातो, आणि सावली इतकी आखूड पडते की तिचा उपयोग नाही. पावसाळ्यापूर्वीची डागडुजी नेमकी याच काळात निघते. अशा वेळी रात्री ध्रुवताऱ्याकडे आकाशकाची आडवी दांडी रोखून पाहावी. तो खऱ्या उत्तरेपासून एका अंशाहूनही कमी ढळलेला असतो. मनोऱ्याच्या दक्षिणेस पुरेसे दूर उभे राहून दांडी व तारा एका उभ्या रेषेत आणल्या, की तबकडीवरील उत्तर त्याच क्षणी तपासून घेता येते.