थीम पार्कची सहल: भीती कुठे वाटते, धोका कुठे असतो

एखाद्या कथासूत्राभोवती किंवा कल्पनाविश्वाभोवती राइड्स, वास्तू, पात्रे आणि संगीत यांची रचना केलेल्या मनोरंजन उद्यानाला थीम पार्क म्हणतात. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १९५५ साली सुरू झालेल्या डिस्नेलँडने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. महाराष्ट्रात १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उभे राहिले, १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. या तीन टप्प्यांत मुलांना घेऊन अशा ठिकाणी दिवसभराची सहल काढणे ही मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुटीतली नेहमीची गोष्ट झाली. मात्र या सहलीविषयीच्या समजुती अजूनही बऱ्याच अंशी ऐकीव आहेत. पालकांची सगळी धास्ती उंच रुळांवर एकवटते, आणि पाणी, ऊन व रस्ता यांच्याबाबतीत, म्हणजे लहान मुलांना खरा धोका जिथे असतो तिथे, ते निर्धास्त असतात.

सर्वांत रुजलेला गैरसमज रोलर कोस्टरविषयीचा आहे. उलट्या वळणावर माणसे केवळ पट्ट्यांच्या आधाराने लटकलेली असतात आणि डबे केवळ वेगामुळे रुळांना धरून राहतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात डब्याला तीन प्रकारची चाके असतात: रुळावरून धावणारी, रुळाच्या बाजूला टेकणारी आणि रुळाच्या खालून त्याला कवेत घेणारी. खालच्या चाकांची ही योजना अमेरिकन अभियंता जॉन मिलर याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पेटंट करून घेतली, आणि तेव्हापासून डबा रुळावरून उचलला जाण्याची शक्यता रचनेतूनच काढून टाकली गेली. बहुसंख्य कोस्टरच्या डब्यांना स्वतःचे इंजिनही नसते. एक साखळी त्यांना पहिल्या चढावर ओढून नेते आणि तिथून पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणावर चालतो. घर्षण गृहीत न धरल्यास ३० मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या डब्याचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो, आणि डब्यात माणसे किती व त्यांचे वजन किती यावर हा आकडा अवलंबून नसतो. चढावर जो ‘खट्खट्’ आवाज ऐकू येतो आणि ज्याने मुलांच्या पोटात गोळा येतो, तो अनेक कोस्टरवर सुरक्षेच्याच यंत्रणेचा असतो: डब्याखालचा खटका रुळालगतच्या दातेरी पट्टीवर एकेक दात पुढे सरकत असतो, म्हणजे साखळी तुटली तरी डबे मागे घसरू शकत नाहीत.

उभ्या वळशाचा, म्हणजे ज्यात प्रवासी क्षणभर डोके खाली पाय वर होतात त्या लूपचा, इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे उभारलेल्या ‘फ्लिप फ्लॅप’ या कोस्टरचा वळसा पूर्ण वर्तुळाकार होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. यामागचे गणित साधे आहे. वर्तुळाकार वळशाच्या माथ्यावरून डबा जेमतेम निसटण्याइतका वेग ठेवला तरी तळाशी शरीरावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन या उद्यानात जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याच्या आराखड्यानुसार थेंबाच्या आकाराचा, तळाशी पसरट आणि माथ्याशी आवळत जाणारा वळसा बांधला गेला आणि हा भार पुष्कळच कमी झाला. आज जिथे लूप दिसतो तिथे तो सहसा पूर्ण गोल नसतो, हे जमिनीवरून नीट पाहिल्यास मुलांनाही ओळखता येते.

वीज गेली तर गाडी कोसळेल, ही धास्ती भारनियमनाची सवय असलेल्या समाजात स्वाभाविक आहे, परंतु ती निराधार आहे. अनेक कोस्टरच्या अखेरीस असलेले चुंबकीय ब्रेक विजेवर चालतच नाहीत. डब्याखालची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी कायमस्वरूपी चुंबकांमधून जाते, तिच्यात विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि तेच डब्याचा वेग रोखतात. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेकही सामान्यतः असे रचलेले असतात की दाब गेला की ते आपोआप आवळले जातात. याच संदर्भात आणखी एक गैरसमज दिसतो. गाडी मध्येच थांबली म्हणजे ती बिघडली आणि जीव धोक्यात आला, असे प्रवासी मानतात. वस्तुतः लांब मार्ग अनेक खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी असा नियम नियंत्रक संगणक पाळतो. फलाटावर कोणाचा पट्टा अडकल्यामुळे पुढची गाडी रेंगाळली, तर मागची गाडी आधीच्या खंडाच्या शेवटी थांबवली जाते. हे थांबणे म्हणजे यंत्रणेने आपले काम चोख केल्याचा पुरावा आहे. अशा वेळी घाबरून, शरीराला आसनात धरून ठेवणारा अडसर सोडवण्याची धडपड करणे मात्र खरोखर धोक्याचे असते.

उंचीच्या अटीवरून उद्यानांत सर्वाधिक वाद होतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे, धीट आहे, दोन बोटेच कमी पडतात, सोबत वडील बसणार आहेत, असे युक्तिवाद प्रवेशद्वारावर रोज ऐकू येतात आणि काही पालक मुलाला जाड तळव्याचे बूट घालून मापपट्टीखाली उभे करतात. ही अट वयाची किंवा धैर्याची परीक्षा नाही. ती राइड बनवणाऱ्या कंपनीने आसन आणि अडसर यांच्या मापांवरून ठरवलेली असते आणि उद्यान तिच्यात सूट देऊ शकत नाही, फार तर ती अधिक कडक करू शकते. मांडीवर येणारा आडवा दांडा ओटीपोटाच्या हाडांवर टेकला पाहिजे आणि खांद्यावरून येणारा अडसर छातीशी घट्ट बसला पाहिजे, तरच झटका बसताना शरीर जागेवर राहते. आखूड बांध्याचे मूल त्याखालून सरकू शकते. बुटांनी उंची वाढते, धड वाढत नाही. शेजारी बसलेल्या वडिलांचा हात काही पट वाढलेल्या वजनाला आवरू शकत नाही, आणि एकच सलग दांडा दोघांना मिळून असेल तर तो मोठ्याच्या मांडीवर अडतो व लहानासमोर पोकळी उरते. घाबरणाऱ्या पण उंचीत बसणाऱ्या मुलासाठी मात्र जागेची निवड उपयोगी पडते: मधल्या डब्यातला अनुभव सौम्य असतो, कारण शेवटचा डबा माथ्यावरून पुढच्या डब्यांच्या ओढीने अधिक वेगात खेचला जातो.

उंच राइडपुढे किरकोळ वाटणारी गो-कार्ट खरे तर अधिक जपण्याजोगी आहे. आसनाच्या मागेच फिरणारा आस आणि साखळी असते, त्यात ओढणी किंवा मोकळे केस गुंतून भारतात मृत्यू झाले आहेत. केस बांधून हेल्मेटमध्ये घेणे आणि ओढणी काढून ठेवणे याला तिथे पर्याय नाही. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांनाही उद्यानातल्या पाळण्यांचीच खात्री लावणे योग्य नव्हे, कारण ते दर काही दिवसांनी सोडवून पुन्हा जोडले जातात आणि पायाभरणी, बोल्ट, वीजजोडणी या साऱ्यांची तपासणी दर वेळी नव्याने व्हावी लागते. भारतीय मानक ब्यूरोची मनोरंजन राइडसाठी आयएस १५४७५ ही मानकमालिका आहे. राइडपाशी तपासणीचा दाखला लावला आहे का, हे विचारण्याचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे.

पाण्याकडे वळले की पालकांचा पवित्रा उलट होतो. गुडघाभर पाणी, भोवती गर्दी, काठावर जीवरक्षक, मग चिंता कसली, असे मानले जाते आणि मूल बुडू लागले तर ते ओरडेल, हात हलवेल, हे गृहीत धरले जाते. हा सर्वांत घातक गैरसमज होय. अमेरिकन जीवरक्षक आणि अभ्यासक फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष बचावांच्या चित्रफितींवरून दाखवून दिले की बुडणारी व्यक्ती बहुधा आवाजच करत नाही. श्वास घेण्याची धडपड बोलण्याच्या आधी येते. तोंड पाण्याच्या पातळीवर क्षणभर येते आणि पुन्हा खाली जाते. हात मदतीसाठी वर न जाता बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभेच असते आणि पाय मारले जात नाहीत. ही अवस्था २० ते ६० सेकंद टिकते. दुरून पाहणाऱ्याला मूल पाण्यात खेळते आहे असेच वाटते. म्हणून लाटांच्या तलावात लहान मुलापासून हाताच्या अंतरावर एक प्रौढ असावाच लागतो. एकत्र आलेल्या मोठ्या कुटुंबात तर काका पाहत आहेत असे आईला आणि आई पाहते आहे असे काकांना वाटते, त्यामुळे पाळी लावून, नाव घेऊन, मोबाइल पिशवीत ठेवून ही जबाबदारी एकाकडे सोपवणे हाच खरा उपाय ठरतो. हवा भरलेली ट्यूब किंवा दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. योग्य मापाच्या लाइफ जॅकेटची जागा ती घेऊ शकत नाहीत.

तलावाच्या पाण्याला उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आणि पाणी स्वच्छ, ही समजूतही उफराटी आहे. तो वास क्लोरामाइन या संयुगांचा असतो, आणि घाम, मूत्र व त्वचेवरील तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाल्यावर ती तयार होतात. डोळे चुरचुरतात तेही प्रामुख्याने त्यांच्यामुळेच. नीट राखलेल्या पाण्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर घेण्याचा नियम सर्वांच्या हिताचा आहे. क्लोरीन सर्व जंतू तत्काळ मारते हेही खरे नाही. अतिसार घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगू शकतो. पोट बिघडलेल्या मुलाला, तिकिटे काढून झाली असली तरी, पाण्यात उतरवू नये. नायलॉनच्या पोशाखाची सक्ती भाड्याच्या उत्पन्नासाठी केली जाते, असा आरोप नेहमी होतो. भाड्याचे दर हा वेगळा विषय, पण नियमाला कारण आहे: सुती कपडे आणि जीन्स पाणी शोषून जड होतात व अंगाला लपेटतात, त्यांचे धागे गाळणयंत्रांत अडकतात आणि धातूची बटणे व चेन घसरगुंडीच्या पृष्ठभागाला आणि मागून येणाऱ्याच्या अंगाला ओरखडे काढतात.

पाण्यात असताना ऊन लागत नाही, ही समजूतही मे महिन्यात अनेक मुलांना भोवते. अतिनील किरण ढगांतून आणि पाण्याच्या वरच्या थरातून आत पोहोचतात, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते. खेळात रमलेले मूल तहान लागल्याचे सांगत नाही, म्हणून त्याला न मागता पाणी द्यावे लागते.

गाडी लागू नये म्हणून मुलांना उपाशी ठेवणे हा घाटातल्या प्रवासापासून चालत आलेला उपाय आहे. मळमळीचे मूळ मात्र पोटात नसते, तर अंतःकर्ण आणि डोळे यांच्याकडून मेंदूला मिळणाऱ्या विसंगत संदेशांत असते, आणि रिकाम्या पोटी ती कमी होते असे नाही. दोन वर्षांखालील बाळांना हा त्रास क्वचितच होतो, शाळकरी वयात तो सर्वाधिक दिसतो. प्रवासापूर्वी हलके खाणे, मोबाइल न पाहणे आणि नजर दूरवर ठेवणे उपयोगी पडते. पडद्यासमोर आसने हलवणाऱ्या सिम्युलेटर राइडमध्ये मात्र डोळे मिटल्याने विसंगती कमी होते. आइस्क्रीम आणि कापसासारख्या बुढ्ढी के बालमुळे मुले बेभान होतात, हाही असाच पक्का समज. कोणाला साखर दिली आणि कोणाला नाही हे मुलांना, पालकांना व निरीक्षकांनाही ठाऊक नसलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला आणि त्यात साखरेचा वर्तनावर परिणाम आढळला नाही. मुलांना उधाण येते ते गर्दी, आवाज आणि थकवा यांमुळे.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ ही शिकवण हरवलेल्या मुलाची कोंडी करते, कारण मदत करू शकणारी सगळीच माणसे त्याला अनोळखी असतात. गणवेशातले कर्मचारी कसे दिसतात हे आत शिरतानाच दाखवणे, चुकामूक झाली तर जागेवरच थांबायला सांगणे आणि पालकांचा फोन क्रमांक मुलाच्या दंडावर पेनाने लिहून ठेवणे अधिक कामाचे आहे.

या सहलीतला सर्वांत मोठा धोका तिकीटघराच्या बाहेरच असतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. खोपोलीला जाताना द्रुतगती मार्गावर मूल पुढच्या आसनावर आईच्या मांडीत सुरक्षित आहे, असे मानणारी कुटुंबे तासाभराने रोलर कोस्टरचा अडसर दोनदा ओढून पाहतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते, आणि ते कोणत्याही आईबापाच्या हातांत नसते. शिवाय समोरची एअरबॅग बाळाच्या अंगावर उघडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता गाडी चालवणाऱ्यास १,००० रुपये दंड आहे. हा नियम परतीच्या वाटेवर सहज मोडला जातो, कारण तेव्हा दमलेली मुले मागच्या आसनावर आडवी झोपलेली असतात आणि दिवसभर उन्हात फिरलेला चालकही पेंगुळलेला असतो.