ठासणीच्या बंदुकीची दारू दुर्मिळ का?

अमेरिकेत जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. या छंदासाठी ५० पौंडांपर्यंत (सुमारे २३ किलो) काळी दारू विनापरवाना घेण्याची मुभा तेथील केंद्रीय कायदा देतो. तरीही बहुतेक दुकानांत ती मिळत नाही. असे का?

सोरा, गंधक व कोळसा यांची ही दारू साध्या ठिणगीनेही पेटते. म्हणून कायदा तिला स्फोटक मानतो. विक्रेत्याला परवाना व खास कोठार लागते. काही राज्यांचे नियम त्याहून कडक आहेत. साहजिकच दुकानदार १९७० च्या दशकात निघालेल्या ‘पायरोडेक्स’सारख्या पर्यायी दारू ठेवतात. त्यांचा ज्वलनांक जास्त, म्हणून निर्बंध कमी.

पण गोम येथेच आहे. केपाच्या बंदुकीत केपाची ज्वाळा ही दारू पेटवते. चकमकीच्या दुबळ्या ठिणग्यांना ते भरवशाने जमत नाही. त्यामुळे चकमकीच्या बंदुका वापरणाऱ्यांना खरी काळी दारूच शोधावी लागते. अनेकजण मिळून परवानाधारक विक्रेत्याकडे मागणी नोंदवतात.

चटकन पेटणे हाच या दारूचा गुण आणि हाच तिचा धोका. वर्गात ज्वलनांक शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.